येसूबाईच्या हातांना सुट्टी

भर डोहाळेजेवणात करंज्याच्या केशरबाईनं विहिणीचा हात धरला, आणि येसूबाईला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

झालं होतं असं. येसूबाईची लेक जमुना करंज्याला दिलेली, तिला सातवा महिना लागलेला. दिवाळ्याच्या कोळीवाड्यातून येसूबाई आणि तिचा नवरा दादू सकाळीच निघाले होते. बेलापूरहून जासईमार्गे जाणारी उरणची एस्टी, मग पुढं करंजा. मांडीवर हिरवं लुगडं, गजऱ्यांचा पुडा आणि पायाशी ताज्या कोळंबीची पाटी. सगळं कसं झोकात चाललेलं. पण लेकीच्या ओटीत तांदूळ घालायला येसूबाई वाकली आणि नेमकी त्याच घडीला तिच्या बोटांच्या बेचक्यात अशी कंड सुटली, की बिचारीनं तांदूळ तसेच सोडले आणि हात कराकरा खाजवला. अर्धे तांदूळ ओटीत, अर्धे जमिनीवर.

"विहीनबाई, हाताला काय झालंय?" केशरबाईनं विचारलं.

"काय नाय. मावरं सुकवताना मीठ लागलंय."

केशरबाई म्हणजे जमुनाची सासू. बाई मोठी चाणाक्ष. तिनं येसूबाईचा हात उलटा केला, बांगड्या मागं सारून मनगट बघितलं, बेचक्यातल्या बारीक पुळ्या बघितल्या आणि हात सोडून दिला. चारचौघींत एक शब्द बोलली नाही. तेवढी माणुसकी होती तिच्यात. जेवणं उरकल्यावर मात्र तिनं येसूबाईला आतल्या खोलीत नेलं.

"ही खरूज हाय," ती म्हणाली. "मी तुमाला नावं ठेवत नाय. कोनाला पन होते. पन उद्या नातवंड जन्माला येनार, त्याच्या कोवळ्या अंगाला ही लागली तर? हात बरा करा आनि सुनेला खुशाल घेऊन जा. नाय झाला, तर बाळंतपन हितंच करनार मी."

आता सांगा, बाईचं चुकीचं होतं का? नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कोणी शिकवायला लागतं? जमुनाचं लग्न झालं तेव्हापासून येसूबाई त्या दिवसाची वाट बघत होती. डिंक, खारका, अळीव डब्यात भरून ठेवलेले, जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवलेली, बाळाला शेक द्यायची शेगडीसुद्धा घासून ठेवलेली. निघताना जमुनानं आईचा पदर धरला आणि म्हणाली, "आई, मना घरीच यायचं हाय. तू कर कायतरी." परतीच्या एस्टीत येसूबाई पदराखाली हात लपवून बसली. दादूनं दोनदा विचारलं, "पानी पितेस?" तर त्यालाच खेकसली.

दुसऱ्या दिवशी मावरं, म्हणजे मासळी, विकायचं सोडून ती तडक बेलापूरच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथं चारुलता नावाची नर्स होती. कराडकडची, उंचीनं बुटकी, आवाजानं मोठी, सिडकोच्या नव्या घरात नुकतीच राहायला आलेली. येसूबाई तिच्या दारावर मावरं विकायची, त्यामुळं ओळख झालेली.

"मावशी, किती दिवस झाले याला?" चारुलतानं हात बघत विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासनं."

"आणि आत्ता आलाय होय? घरात अजून कोणाला खाज सुटते?"

"पोराला सुटते. तुळशीरामला. माझ्या बाप्याला नाय."

"नसू दे. औषध तिघांनीबी लावायचं, एकाच दिवशी. हा बारीक किडा असतो बगा, डोळ्याला दिसत नाही. कातडीच्या आत घर करतो, अंडी घालतो. एकट्यानं औषध लावलं तर तुमचा जातो, पोराकडनं परत येतो. ज्याला खाजत नाही, त्याच्याबी अंगात दडून बसलेला असतो."

मग तिनं दुधासारखं पांढरं औषध दिलं, मोठी बाटली भरून. साबण लावून आंघोळ करायची, अंग कोरडं करायचं आणि मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत सगळीकडं चोळायचं. बोटांच्या बेचक्यात, काखेत, बेंबीत, नखांच्या खाली. दुसऱ्या दिवशी परत लावायचं, तिसऱ्या दिवशी आंघोळ. अंगावरचे कपडे, पांघरुणं उकळून उन्हात टाकायची.

"आणि तोवर अंगाला पाणी लावायचं नाही," तिनं बजावलं.

येसूबाईनं घरी येऊन फर्मान काढलं. तुळशीराम गरीब पोरगा, सिडकोच्या ऑफिसात शिपाई होता, तो लगेच शर्ट काढून उभा राहिला. दादू मात्र ऐकेना.

"मना काय झालंय? माझं अंग बग, कसं हाय ते! दर्याच्या पान्यात आयुष्य गेलं, मना कुठला किडा चावतोय?"

"तुमाला नाय चावत, मना ठावं हाय. किड्याला पन चव असते. गप बसा आनि पाठ करा इकडं!"

दादूला बसावं लागलं. औषध लागलं आणि खाजवून सोललेल्या जागी झोंबलं तसा तुळशीराम ओरडला. दादू मात्र कुठं सोललेला नसूनसुद्धा त्याच्याहून मोठ्यानं ओरडला. घरात तो औषधी दर्प असा भरला की शेजारची मांजर, जी रोज मावऱ्याच्या आशेनं उंबऱ्यात ठाण मांडायची, ती दोन दिवस फिरकली नाही. अंगणात बोंबील वाळत घालायच्या वलांडीवर बोंबलांच्या जागी गोधड्या लटकल्या. येणारेजाणारे विचारायचे, "येसूबाय, यंदा गोधड्या सुकवून विकनार काय?" ती हसून वेळ मारून न्यायची. मनात मात्र जमुनाचे महिने मोजत होती.

हळूहळू तुळशीरामची खाज गेली. दादूला नव्हतीच, तरी तो सगळ्यांना सांगत सुटला की आपलीही गेली. येसूबाईचं अंगही बरं झालं. हात मात्र तसेच. उलट थोड्या दिवसांनी बेचक्यात नव्या पुळ्या आल्या, मनगटावर आल्या, आणि एका सकाळी तुळशीराम ऑफिसला निघताना पोट खाजवत उभा दिसला. आठवा महिना सरत आला होता. त्या दिवशी तिनं देवाला, औषधाला, केशरबाईला, सगळ्यांना मनसोक्त शिव्या दिल्या आणि मग चुलीपुढं बसून रडली.

पुन्हा दवाखाना, पुन्हा बाटली. पण या वेळी चारुलता म्हणाली, "मावशी, मी घरीच येते. बघू तरी कुठं चुकतंय ते."

आली ती दुपारी, ऐन जेवणाच्या वेळेला. सकाळीच तिघांनी औषध लावलं होतं. चारुलतानं तुळशीरामचा हात धरून नाकाशी नेला. दादूचा हात नाकाशी नेला. दादू लाजला. मग तिनं येसूबाईचा हात हुंगला आणि तशीच थांबली.

"मावशी, तुमच्या हाताला औषधाचा वास का येत नाही?"

"कशाचा येतो मग?"

"बोंबलाचा."

"येनारच. बोंबील साफ केलं, कालवन केलं, भाकरी थापल्या."

"हात धुतले?"

येसूबाई तिच्याकडं बघतच राहिली. काय विचारते ही पोर! "न धुता भाकर थापू? ह्या औषधाच्या हातानं? घरातली मानसं मारायची हायत काय मना?"

"अहो मावशी, मी बजावलं होतं ना, अंगाला पाणी लावायचं नाही?"

"अंगाला नाय लावलं! अंगाला थेंब नाय लावला. हात म्हंजे काय अंग हाय?"

चारुलतानं कपाळावर हात मारून घेतला आणि मग ती हसायला लागली. येसूबाईला राग आला, पण पोरीचं हसणं थांबेना. खरंच होतं ते. सकाळी औषध लावलं, की येसूबाई मावरं साफ करायला बसायची. मग भांडी, मग पीठ, मग परत भांडी. दिवसातनं किती वेळा हात पाण्यात जायचे, देव जाणे. किड्याचं आवडतं घर बोटांच्या बेचक्यात, आणि तिथंच औषध टिकत नव्हतं. तिच्या त्याच हातांतनं तो परत सगळ्या घरात फिरत होता.

"माझी पण चूक," चारुलता हसू आवरून म्हणाली. "मी हात वेगळे सांगायला हवे होते. आता नीट ऐका. ह्या दोन दिवसांत तुमी पाण्यात हात घालायचा नाही. स्वयंपाक नाही, भांडी नाही, मावरं नाही. अगदी धुवावेच लागले, तर धुतल्याबरोबर परत औषध लावायचं. आणि औषधाचा हात तोंडात जाता कामा नये."

"मग जेवू कशी?"

"कोणीतरी भरवायचं."

हे ऐकून येसूबाई जी उसळली! भरवायचं? तिला? ती काय अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे? आणि रांधणार कोण, तुळशीराम? त्याला चहा करता येत नाही. शेजारणीला, पुतळाला, सांगावं तर खरजेची दवंडी साऱ्या कोळीवाड्यात. त्यापेक्षा दोन दिवस उपाशी राहीन, ती म्हणाली.

"मी रांधतो," दादू म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, दादूनं घरात कधी साधी पळी उचलली नव्हती. पाणी हवं असलं तरी बसल्या जागेवरनं हाक मारायचा.

"तुमी?" येसूबाई म्हणाली. "चूल कुठं हाय ते तरी ठावं हाय काय?"

दादू उठला, हात साबणानं खसाखसा धुतले. "तुमी धुतले तरी परत लावायचं बरं का, दादूमामा," असं चारुलता म्हणाली तेव्हा मान हलवली, आणि संध्याकाळी हात परत धुऊन चुलीपुढं फतकल मारून बसला. येसूबाई भिंतीला टेकून बसली होती. हाताला पांढरं औषध, दोन्ही हात मांडीवर उताणे. अशी ती कधी बसल्याचं तिलाच आठवत नव्हतं. आता हा भांडं उलटं करणार, आता हा हात भाजून घेणार, असं वाटत होतं. पण दादूनं लसूण ठेचला, चिंच भिजत घातली, मसाला परतला आणि त्यात कोळंबी सोडली ती इतक्या सराईतपणे, की तिचे डोळे बारीक झाले.

"हे कुठं शिकलात?"

"बोटीवर."

"बोटीवर तर तुमी तांडेल होता. सुकानू धरायचात. माझ्या बापाला तेच सांगून लगीन केलंत!"

दादू चुलीतलं लाकूड उगाच आतबाहेर करत राहिला. मग म्हणाला, "तांडेल माझा चुलता होता. मी भंडारी होतो. सगळ्या खलाशांचं जेवन मीच रांधायचो. तुझ्या बापाला सांगितलं असतं की पोरगा बोटीवर भाकऱ्या थापतो, तर दिली असती तुला?"

तुळशीराम तोंडावर टॉवेल धरून हसत होता. येसूबाईनं रागवायचं ठरवलं, तोंडही उघडलं, पण बाहेर आलं ते हसू. आणि मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. इतकी वर्षं! इतकी वर्षं हा माणूस तिच्या हातचं कालवण खाऊन "मीठ जरा कमी हाय" म्हणायचा, आणि त्याला सगळं येत होतं!

दादूनं ताट वाढलं. भात कालवला, घास केला आणि तिच्यापुढं धरला.

"दार लाव आधी!" येसूबाई तुळशीरामवर ओरडली. "कोन बगेल तर काय बोलेल!"

दार लागलं. तिनं घास घेतला.

"घास मोठा हाय," ती म्हणाली. "मी काय खलाशी हाय?"

दादूनं घास लहान केला. काटा राहिला असेल म्हणून कोळंबीतसुद्धा बोटानं चाचपून बघितलं, आणि कोळंबीला कुठला काटा, म्हणून स्वतःच हसला. कालवण चांगलं झालं होतं. तिच्या कालवणापेक्षा चांगलं झालं होतं, आणि हे ती मरेपर्यंत कोणाला सांगणार नव्हती. आई गेल्यापासून तिला कोणी भरवलं नव्हतं. तिनं सगळ्यांना भरवलं, पोरांना, सासूला, आजारी दिराला. आपल्यालाही कधी कोणी भरवावं, असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि आता भरवलं तर ते आवडलं, याचीच तिला लाज वाटली.

दोन दिवस दादूनं रांधलं आणि भरवलं. दोन्ही दिवस, हाताला पाणी लागलं की औषध परत लावलं. तिसऱ्या दिवशी आंघोळी झाल्या, गोधड्या पुन्हा वलांडीवर चढल्या आणि येसूबाईनं चूल परत ताब्यात घेतली. पुळ्या सुकल्या, नव्या आल्या नाहीत. पण खाज मात्र जाईना. चारुलतानं आधीच सांगून ठेवलं होतं: किडा मेला तरी कातडी शांत व्हायला वेळ लागतो, घाबरायचं नाही. येसूबाई घाबरायचं नाही असं ठरवून रोज घाबरायची.

आणि अशातच एके दिवशी, न कळवता, केशरबाई दारात.

पाणी दिलं, चहा दिला. केशरबाईचं लक्ष सगळं हातांकडं. येसूबाईनं हात मांडीवर घट्ट दाबून धरले होते, कारण त्याच वेळी उजव्या बेचक्यात कंड उठली होती. गप्प राहिली असती तर निभावलं असतं, हात वरून स्वच्छ दिसत होते. पण नवजात बाळाचा प्रश्न होता. तिनं हात पुढं केले.

"बगा विहीनबाई. पुळी एक नाय. पन खाज अजून हाय. नर्सबाय बोलते ती आपोआप जाईल, किडा मेलाय. मी खोटं नाय बोलनार. तुमाला पटत नसेल तर नका पाठवू तिला."

केशरबाईनं हात नीट बघितले. "आधी गेली नाय, मग आता कशी गेली?"

येसूबाई सांगेना. तुळशीरामनंच सगळं सांगितलं. हात हुंगणं, भंडारी, दार लावणं, घास. केशरबाईनं ऐकता ऐकता दादूकडं बघितलं. दादू छताचे वासे बघत होता.

"या बाप्यानं भरवलं? घास करून?"

"दोन दिवस," तुळशीराम म्हणाला.

केशरबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पदरानं डोळे पुसून गंभीर झाली. "माझ्या घरी सुनेला जपतील, पन बाप्ये रांधनार नायत. पोर हितंच येऊ दे. पन आधी मना त्या नर्सबायकडं न्या. मी भोळी नाय."

दवाखान्यात चारुलतानं भिंग लावून येसूबाईचं बोट न् बोट बघितलं आणि केशरबाईलाही बघू दिलं. नवं काही नव्हतं. त्याच आठवड्यात जमुना आली, दोन्ही हातांनी पाठ धरून, हळूहळू चालत. आईच्या हातांकडं तिनं बघितलंसुद्धा नाही, सरळ तिच्या गळ्यात पडली.

मुलगी झाली. नाकेली, काळ्याभोर केसांची, दादूसारखीच आरडाओरडा करणारी. पहिल्यांदा बाळ पुढं केलं तेव्हा येसूबाईनं हात मागं घेतले. खाज कधीच गेली होती, तरी घेतले. जमुना म्हणाली, "घे ना गं आई," आणि बाळ सरळ तिच्या हातांत ठेवून दिलं.

बारशाच्या दिवशी केशरबाई माणसं घेऊन आली. घर भरलं, अंगण भरलं, दारात शेजारची पुतळा आणि बाकीच्या बायका उभ्या. पंगत उठली तरी येसूबाई जेवली नव्हती. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं आणि त्यानं तिची दोन बोटं मुठीत गच्च धरली होती. हलली असती तर जागं झालं असतं. सगळ्यांनी सांगितलं, बाळ ठेव नि जेव. ती हलेना.

दादू ताट घेऊन तिच्यापुढं येऊन बसला. कालवण त्यानंच केलं होतं, आता सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक झालं होतं की दादू तांडेल कधी नव्हताच. त्यानं भात कालवला, घास केला आणि एकदा दाराकडं, बायकांच्या गर्दीकडं बघितलं.

"दार लावू?" त्यानं हळूच विचारलं.

"कशाला?" येसूबाई म्हणाली. "उघडंच असू दे. आनि घास जरा मोठा करा."